दोन अक्षरं आणि दोन टिंबं

सकाळी उठलं की पूर्वी मी आधी गोठ्यात जायचो. आता आधी फोन पाहतो, आणि पाहून झाला की परत अंथरुणात शिरावंसं वाटतं. गावाच्या गटावर रात्रीतून निरोपांचा ढीग पडलेला असतो. त्यात कामाची वाक्यं दोन-चार. ट्रान्सफॉर्मर जळाला, उद्या रेशन येणार, कोणाची तरी गाय कालपासून घरी आली नाही. बाकी सगळं भांडण. आणि भांडणही असं की वाचणाऱ्याला कळू नये. 'टा.वा. मंडळी गप्प का?' 'बि.पें. लोकांनी बोलूच नये.' 'र.को. पुन्हा रडला.' मी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनीत काढली, संक्षेप वाचता वाचता चष्मा लागला. तरी आमच्या गावातल्या एका ओळीचा निरोप मला दोनदा वाचावा लागतो, आणि कळला की वाटतं, नसता कळला तर बरं झालं असतं.

संक्षेपांशी माझं वैर नाही, हे आधी सांगून टाकतो. अक्षरांपुढे टिंब देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. वडील पत्र लिहायचे ते 'सा. न. वि. वि.'ने सुरू व्हायचं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढं लांबण कोण लावणार? पण ती चार अक्षरं लिहिताना ते खरोखरच जरा वाकायचे. मला 'चि.' लिहायचे, आजोबांना 'ती.', आणि त्या एका टिंबात कोण कोणापेक्षा मोठं आणि कोणाची कोणावर माया, हे सारं येऊन जायचं. पुढे नोकरीत तर संक्षेपांचंच राज्य. आमच्या जिल्ह्यात जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव पुष्कळ. कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव', त्याचं झालं मा. मा. तलाव, आणि लोकांनी केलं मामा तलाव. पश्चिमेकडून बदलून आलेल्या एका साहेबानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "इथे एवढे मामा कोणाचे हो?" साऱ्या ऑफिसात हशा पिकला. समजावून सांगितल्यावर साहेबही हसला. त्या अक्षरांमागे दडवलेलं काही नव्हतं, विचारलं की कोणीही पूर्ण सांगायचं.

टोपणनावांचंही तसंच. आमच्या गावात टोपणनावाशिवाय माणूस नाही. मला 'अर्जदार' म्हणतात, कारण शेजाऱ्याकडे फावडं मागायला गेलो तरी मी आधी विषय आणि मग संदर्भ सांगतो, असा गावाचा आरोप आहे. आरोप खोटा नाही. माझा बालमित्र साकोली डेपोत एसटीचा कंडक्टर होता. गप्पा पुरे झाल्या, आता उठा, असं सांगायचं असलं की तो तोंडानंच 'टिंग टिंग' करायचा, म्हणून त्याचं नाव 'डबल बेल'. ही नावं तोंडावर घेतली जायची. ज्याला चिडवलं तो समोर उभा असायचा, तो उलट चिडवायचा, आणि फारच लागलं तर चार दिवस बोलायचा नाही. पाचव्या दिवशी त्याला तंबाखू लागायची आणि आपल्याला चुना.

आमचं गाव सानगडीपासून सायकलच्या अंतरावर. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, तलावाला तुडूम, म्हणजे पाटात पाणी सोडायचं दार, आणि तुडुमापासून खाली नाल्यापर्यंत एकामागून एक धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. माझ्या बांध्या मधल्या. डबल बेलच्या दोन बांध्या अगदी शेपटाला. पाटापलीकडे बौद्ध वस्ती आहे, तो तिथला. वस्तीतल्या लोकांना जी थोडी जमीन मिळाली ती शेपटाचीच कशी मिळाली, हे आमच्या लहानपणी कोणी विचारत नव्हतं, आणि मोठे झाल्यावर आम्हीही फारसं विचारलं नाही.

पण गावानं एक रीत चांगली पाळली होती. पाणी कमी पडलं की शेवटच्या बांधीनं आधी प्यायचं. तिचं भागलं की तिथल्या माणसानं वर हाक द्यायची, "झालं!" मग तिच्या वरच्यानं आपल्या बांधाचं तोंड उघडायचं, त्याचं झालं की त्याच्या वरच्यानं. उलट केलं तर वरचे लोक खालच्यांसाठी पाणी सोडतच नाहीत, हे जुन्यांनी बरोबर ओळखलं होतं. शेपटाकडून 'झालं' येईपर्यंत पाटाला कोणी हात लावायचा नाही. लोकांनी एकमेकांच्या जमिनी हडपल्या, भावाभावांत डोकी फुटली, पण ही रीत कोणी मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पूर्वी हे पाहायला पाणकर होता. हंगामाच्या शेवटी धान घ्यायचा आणि पाणी वाटायचा. पाटानं फिरत राहायचा, हाक वरपर्यंत पोचवायचा. तो थकला, मग वारला, आणि त्याचं काम घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा पाणी समितीच्या अध्यक्षांनी फोनवर गट काढला. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मी समितीचा सचिव, म्हणजे सह्या घेत हिंडणारा. 'झालं' आता फोनवर यायला लागलं. दोन-तीन हंगाम छान गेले. घरी बसून पाळी कळते म्हणून मीही खूश होतो.

मग निवडणुका आल्या आणि गटावर पाणी सोडून सगळं वाहायला लागलं. तुडुमाजवळची पहिली बांधी ज्याची, त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. गावी येतो तो दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला, पाहुण्यासारखा, पण गटावर रोज हजर. पुण्यात बसून याला आमच्या पाटाचं काय, असं मी एकदा गुरुजींना विचारलंही. ते म्हणाले, "शिकलेला मुलगा आहे, राहू दे." त्यानं आणि त्याच्या जोडीच्या पोरांनी नेत्यांना नावं ठेवायला सुरुवात केली. एकाला 'हवापंप', दुसऱ्याला 'उधारीचा नवरदेव'. ते मला चाललं असतं, नेत्यांचं काय जातं. पण नेता दूर असतो आणि शेजारी जवळ, त्यामुळे हळूहळू नावं खाली उतरली आणि त्या नेत्यांना मत देणाऱ्यांना चिकटली. दोन घरांमध्ये बोलाचाली झाली, एका बाईनं गटावर पोराच्या वतीनं माफी मागितली. तेव्हा गुरुजींनी नियम घातला. कोणत्याही पक्षाचं वा नेत्याचं नाव घेऊ नये, अपशब्द वापरू नये, वापरणाऱ्यास काढण्यात येईल.

रोगापेक्षा औषध जालीम ठरलं. पोरं थांबली नाहीत, त्यांनी शब्द आखडते घेतले. 'टाळ्या वाजवे'चं टा.वा. झालं, लोट्यासारखे इकडून तिकडे घरंगळणारे 'बिनपेंदीचे' झाले बि.पें., 'रडका कोल्हा' झाला र.को. गुरुजी समाधानी. "बघा, महिन्यात एक शिवी नाही," असं मला तलावाच्या पारीवर, म्हणजे तलावाच्या भिंतीवर, भेटले तेव्हा म्हणाले. मी काय बोलणार? पूर्ण शिवी द्यायची तर माणूस शब्द संपेपर्यंत एकदा तरी अडखळतो. टिंबांनी तेवढी अडखळही काढून टाकली होती.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत 'फु.पो.' सुरू झालं. 'फु.पो.चं मत कुठे जाणार हे सर्वांना ठाऊक.' 'फु.पो.ना समजावून उपयोग नाही.' मला अर्थ लागेना. माझ्या पुतण्याला विचारलं तर तो आधी हसला, आणि मग त्यानं सांगितला. फुकट पोसलेले. पाटापलीकडच्या वस्तीला उद्देशून. सवलतींवर जगणारे, म्हणून फुकट पोसलेले. रेशनच्या दुकानासमोर त्या हसणाऱ्यासकट सारं गाव पिशवी घेऊन उभं असतं, हे मी त्याला ऐकवलं, आणखीही बरंच ऐकवलं. मग गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "त्यात अपशब्द कुठे आहे? दोन अक्षरं आहेत. नियमात बसत नाही." मी चिडून फोन ठेवला. मित्राला सांगायचं मात्र माझ्या जिवावर आलं. आज ना उद्या पोरं दुसऱ्या अक्षरांकडे वळतील, असं धरून चाललो.

भाद्रपदातल्या एका बाजाराच्या दिवशी तो मला सानगडीला भेटला. त्यानं मिरच्या घेतल्या होत्या, मी विळ्याला धार लावून घेतली होती. टपरीवर आम्ही चहा घेतला. बरीच वर्षं बसमध्ये ओरडून त्याचा आवाज असा झालाय की तो खासगी बोलला तरी पलीकडच्या दुकानात ऐकू जातं.

"काय गा अर्जदार," तो म्हणाला, "हा फु.पो. कोनता पक्ष होय? नवाच निघाला का?"

टपरीवाल्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"पक्ष नाही तो," मी म्हणालो.

"मंग?"

मी कपात पाहत बसलो. तो थांबला. तिकीट न काढलेल्या माणसासमोर तो असाच थांबायचा, न चिडता, पण हलायचा नाही. शेवटी मी सांगितलं. आवाज खाली आणून, पण पूर्ण सांगितलं, कोणासाठी वापरतात तेही सांगितलं.

त्यानं चहा संपवला. कप उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "मी त्याच्याखाली अंगठा देल्ला होता."

"काय?"

"अंगठा गा, फोनमंदी. मले वाटलं, पोट्टे कोन्या पक्षाले बोलून राहिले, आपनबी हाव मनावं. दोन-तीनदा देल्ला." तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "सारे वाचत असतीन नाई? मनत असतीन, पाहा, ह्याले स्वतःलेच पटते."

मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी नोकरीत साहेबानं सगळ्यांसमोर झापलं तेव्हाही वाटली नव्हती. मी काहीतरी म्हणालो, पोरं आहेत, अक्कल नाही, असलंच काहीतरी. त्यानं ऐकलंही नाही. मिरच्यांची पिशवी उचलली आणि सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गटावर लिहिलं. मला ते अजून आठवतं, कारण गटावर इतकं स्वच्छ मराठी कोणी लिहीत नाही. 'फु.पो. म्हणजे फुकट पोसलेले. हे आमच्या वस्तीबद्दल लिहिलं जातं. मी नोकरी करून आणि शेती करून जगलो. ज्याला हे म्हणायचं आहे त्यानं टिंबं न देता पूर्ण लिहावं आणि खाली आपलं नाव लिहावं.' तीन-चार वाक्यं, कुठे आडवंतिडवं नाही.

गट असा गप्प झाला की फोन बिघडला की काय असं वाटावं. मग गुरुजींचा निरोप आला. 'गटाच्या नियमांचे उल्लंघन करून अपशब्द वापरल्याबद्दल एका सदस्यास गटातून काढण्यात आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' ज्यांनी दोन महिने ती अक्षरं फिरवली ते सगळे जागेवर, आणि ज्यानं त्यांचा अर्थ लिहिला तो बाहेर. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या निरोपाखाली भराभर अंगठे पडले. पहिल्या बांधीवाल्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याला मोठी अक्षरंसुद्धा नीट वाचता येत नाहीत, तो प्रत्येक निरोपाखाली हात जोडतो.

मी गप्प बसलो नाही. पण मी पडलो अर्जदार. मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' सुरुवात केली, नियमाचा हेतू काय, अपशब्द उद्धृत करणे आणि वापरणे यांतला फरक काय, असं मुद्देसूद लिहिलं. फोनवर ते तीन वेळा बोट फिरवूनही संपत नव्हतं. उत्तर पुण्याहून आलं. 'ला.ले.' पुतण्याला पुन्हा विचारावं लागलं. लांबलचक लेख. ज्याला काही वाचायचं नाही त्याच्यासाठी ही अक्षरं तयारच असतात. त्यानं पूर्ण चार ओळींत सांगितलं तर अपशब्द, मी सावरून चार पानांत सांगितलं तर ला.ले. मग बोलायचं तरी कसं, हे मला अजून कळलेलं नाही. मी गुरुजींच्या घरी जाऊन बसलो. ते म्हणाले, "थोडं निवळू द्या, मग घेऊ परत." मी रागावलो, त्यांनी चहा दिला, मी तो घेतला आणि घरी आलो.

निवळायला वेळ मिळाला नाही, कारण परतीचा पाऊस आला नाही. धान पोटरीत होतं. लोंबी बाहेर पडायच्या वेळी पाणी नसलं की नुसतं पोचट हाती येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुरुजींनी तुडूम उघडलं आणि तसा निरोप गटावर टाकला. तलावात जेमतेम एका पाळीचं पाणी होतं. सगळे फोन घेऊन बसले. मी तेव्हा लेकीकडे भंडाऱ्याला होतो, नातवाला ताप होता. तिथून गट पाहत होतो. संध्याकाळी पहिला प्रश्न आला, 'शेवटच्या बांधीचं झालं का?' थोड्या वेळानं पुन्हा, 'झालं का?' मग एक-एक करत सगळे तेच विचारायला लागले. रात्र गेली, सकाळ झाली, प्रश्न तोच. कोणी पाटात हात घातला नव्हता. 'झालं' आल्याशिवाय उघडायचं नाही, रीत म्हणजे रीत.

आणि ज्यानं 'झालं' म्हणायचं त्याला ह्यांनी काढून टाकलं होतं. गटावर इतके लोक बसले होते, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. माझ्याही, सकाळचा चहा होईपर्यंत.

मी त्याला फोन लावला. "अरे, तुझ्या बांध्यांचं झालं का?"

"काल चार वाजताच झालं," तो म्हणाला. "बांध बंद करून घरी आलो."

"मग सांगितलं काहून नाही?" भंडाऱ्यात बसून मी ओरडलो. लेक आतून बाहेर आली.

"कोनाले सांगू? गटातून त मले काढलं." त्याचा आवाज शांत होता. "पारीवर गेलो होतो सांगाले. पानकर जाये तसा साऱ्या पाटानं वर गेलो. आवाज देल्ला. एक मानूस नवता पारीवर. सारे घरी फोन पाहून राहिले होते. मंग दुसऱ्या दिशी येईन मनून परत आलो. आता निघूनच राहिलो होतो."

म्हणजे आदल्या दुपारपासून पाणी पाटानं सरळ खाली जात होतं, त्याच्या बंद बांध्यांच्या कडेनं, नाल्यात. मी गटावर लिहिलं, 'झालं. कालच झालं. उघडा.' या वेळी कोणी ला.ले. म्हणालं नाही. लोक धावले. खालच्या काही बांध्यांना मिळालं, माझ्या अर्ध्या भिजल्या, आणि वरच्या बांध्यांपर्यंत पाळी येईस्तोवर तलावाचा तळ उघडा पडला होता. पहिल्या बांधीला, तुडुमाला खेटून असलेल्या, थेंब मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावी पोचलो तेव्हा एक वाक्य पसरलेलं होतं. त्यानं मुद्दाम केलं. गटावर हे कोणी लिहिलं नाही, पण पानठेल्यावर, चक्कीवर, बोअरिंगवर तेच. मी ज्याला-त्याला विचारलं, "तू पारीवर गेला होतास का?" प्रत्येक जण म्हणाला, मले वाटलं दुसरा गेला असन. गुरुजींनी पारीवरच्या आंब्याखाली बैठक बोलावली. खूप वर्षांनी सगळे एका जागी, फोन खिशात ठेवून बसले होते. तो आला आणि कडेला बसला.

गुरुजींनी सुरुवात केली. काही गैरसमजातून हा प्रकार घडला, मी आताच सर्वांसमोर त्यांना गटात परत घेतो, विषय संपवू या. माझ्याकडे पाहून म्हणाले, "इतिवृत्तात लिहा, गैरसमजामुळे."

"गैरसमज कोणाचा लिहू?" मी विचारलं. "सगळ्यांचा समज तर बरोबरच होता."

गुरुजी माझ्यावर वैतागले. तेवढ्यात पहिल्या बांधीवाला उठला. त्याचं धान गेलं होतं, तो दोन दिवसांत खंगल्यासारखा दिसत होता. तो गुरुजींकडे न पाहता सरळ डबल बेलकडे वळला. दोघं एका वयाचे, लहानपणी एकाच तलावात म्हशी धुतलेले.

"त्या दोन अक्षराचं का भांडन होय ते मले कोनी सांगलंच नाई," तो म्हणाला. "मी त साऱ्याच्याच खाली हात जोडतो गा. का लिवलं होतं?"

कोणी बोलेना. त्याच्या मुलानंच ते काढलं होतं, हेही कोणी बोलेना. गुरुजी जमिनीकडे पाहत होते. शेवटी मीच सांगितलं. अर्जदारासारखं नाही, तीन शब्दांत सांगितलं. अर्थ काय, कोणाबद्दल, कोणी सुरू केलं. म्हातारा उभाच राहिला. त्याचे हात, खरे हात, जोडायला म्हणून वर आले आणि मध्येच थांबले.

"मले मालूम नवतं गा," तो म्हणाला. "आईची शप्पत, मले मालूम नवतं."

"तुले नसन मालूम," डबल बेल बसल्या जागेवरूनच म्हणाला. रागानं नाही, थकलेल्या आवाजात. "मलेबी नवतं. पन बाकीच्या साऱ्याईले होतं ना."

आंब्याखाली बसलेल्यांपैकी एकानंही ते खोटं आहे असं म्हटलं नाही. गुरुजींनी फोन काढला आणि त्याला गटात घेतलं. त्यानं नको म्हटलं नाही, थँक्यूही म्हटलं नाही. इतिवृत्तात मी 'गैरसमजामुळे' लिहिलं नाही. 'बैठक झाली' एवढंच लिहिलं आणि सह्या घेतल्या.

'फु.पो.' त्या दिवसापासून गटावर दिसलं नाही, हे खरं. पुण्याच्या मुलानं बापाच्या सांगण्यावरून एक लांब माफीपत्र टाकलं, ते मात्र पूर्ण शब्दांत होतं, त्याला कोणी ला.ले. म्हणालं नाही. पंधरा दिवसांत दुसरी अक्षरं आली. कोणासाठी आहेत ते मी विचारलं नाही. विचारायचा कंटाळा आला. अर्थ कळला की काहीतरी करावं लागतं, आणि माझ्यात आता तेवढं त्राण नाही, असं मी स्वतःला सांगतो.

धान कापणीला आलं. जे काय भरलं होतं ते कापायला मी मजूर घेऊन बांधीत होतो. डबल बेल त्याच्या बांध्यांकडून चालत आला. त्याचं धान चांगलं पिकलं होतं, आणि त्याबद्दल तो कोणाशी बोलत नव्हता. आम्ही बांधावर बसलो. त्यानं तंबाखू मळली, मला दिली. पाटानं वर जाणाऱ्या दोघांनी त्याला हाक दिली, "काय भाऊ, कापनी झाली का?" त्यानं हात वर केला. ते पुढे गेल्यावर बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला.

"पहिले कोनी 'काय भाऊ' मनलं का बरं वाटे," तो म्हणाला. "आता कोनीबी मनलं का मी इचार करतो. तोंडानं भाऊ मनून राहिला, मनात हा मले का मनत असन?"

"सगळे तसे नाहीत रे," मी म्हणालो.

"नसतीन."

मी थांबलो. 'तुले सोडून' एवढं तो म्हणेल, असं मला वाटलं होतं. मजुरांनी पुढची ओळ धरली, विळ्यांचा आवाज सुरू झाला. त्यानं हात झटकले, उठला, आणि मला काही न म्हणता आपल्या बांधीकडे चालायला लागला.